पंडितमास्तरांची जीभ

सुरतेत दारू मिळत नाही असं सरकार म्हणतं, आणि सरकारला चारचौघांत खोटं पाडायचं नाही एवढं सौजन्य सुरतेत सगळेच पाळतात. अशा गावात वर्षा जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी चारला मोटारसायकलवरून येऊन थडकली. नाशिकजवळच्या एका वायनरीत ती वाइन करते. करते म्हणजे विकत नाही की ओतत नाही. कुठल्या पिंपातली वाइन कधी काढायची आणि कशात किती मिसळायची, हे चाखून ठरवते. पगार जिभेचा. अठरा दिवसांची रजा, साडेतीनशे सीसीची गाडी, नाशिकहून कच्छ आणि परत, आणि वाटेत सुरतेला मामाकडे मुक्काम. सीमेवरच्या चौकीत पोलिसांनी तिच्या दोन्ही बॅगा उघडल्या, वायनरीचं ओळखपत्र दिसल्यावर पुन्हा उघडल्या, आणि शेवटी आत सापडलेल्या चिवड्याची मूठ मूठ चव घेऊन तिला जाऊ दिलं.

डिंडोलीतल्या सोसायटीच्या फाटकात सरलाबाई उभ्याच होत्या. सुरतेत येऊन तीस वर्षं झाली तरी त्यांनी घरातली अहिराणी काही सोडली नव्हती.

"माय वं! येकलीच उनी का फटफटीवर? तुनी माय काही बोलनी नही?"

"बोलली ना मामी. म्हणाली, मामाकडे जातेस तर चिवडा ने."

मागे गॅलरीत पंडितमास्तर उभे होते. भाचीने ती एवढी थोरली गाडी दोन रिक्षा आणि एक पाण्याचा टँकर यांच्यामधून काढून कशी बेतात लावली, हे त्यांनी पाहिलं आणि त्यांना मनापासून कौतुक वाटलं. पुढच्या दहा मिनिटांत या कौतुकाच्या जागी भीती आली. चहा घेता घेता वर्षा म्हणाली, "मामा, या सफरीत मी एक नेम केलाय. जिथे थांबेन तिथे एक दिवस काही करायचं नाही. तिथलं जे असेल ते निवांत चाखायचं. उद्याचा दिवस तुमचा. तुमच्या जिभेची कीर्ती नाशिकपर्यंत आहे."

"ती तर शेच," सरलाबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे न बघता आत निघून गेल्या.

कीर्ती खरी होती. पलसाण्याच्या एका प्रोसेसिंग मिलमध्ये पंडितमास्तर सत्तावीस वर्षं रंगखात्याचे मास्तर. कापडाला कॉस्टिक लावतात, त्याने कापड मऊ पडतं. मग ते कॉस्टिक धुऊन काढावं लागतं आणि उरलंसुरलं ॲसिडने मारावं लागतं. धुतलं कमी तर कापडावर पुढे डाग येतात, ॲसिड जास्त झालं तर कापड सडतं. हे बघायला लॅबमध्ये कागदाच्या पट्ट्या असतात. पंडितमास्तर मात्र ओल्या कापडाचं टोक चिमटीत धरून जिभेला लावायचे आणि सांगायचे, "अजून एक पाणी." नंतर पट्टी तेच सांगायची. मिलचे भाईदास शेठ प्रत्येक पार्टीला आधी चहा पाजायचे आणि मग मास्तरांची जीभ दाखवायचे. मिल बघायला आलेला माणूस मशिनं विसरून जायचा, जीभ विसरत नसे.

ही जीभ एकोणीस महिन्यांपूर्वीच मेली होती. एक ताप आला, तो पाच दिवसांत गेला, आणि जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही. आधी वाटलं येईल परत. आली नाही. पण मिलमध्ये एक चमत्कार झाला. कापडाचं टोक जिभेपर्यंत नेताना ते अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या चिमटीत असायचं, आणि त्या चिमटीला आधीच सगळं कळायचं. कॉस्टिक उरलं असेल तर कापड साबणासारखं निसटायचं, ॲसिड जास्त झालं असेल तर कातडी ओढल्यासारखी व्हायची. सत्तावीस वर्षं बोटं शेजारी बसून सगळं शिकत होती. तेव्हापासून जीभ नुसती लावायची आणि निकाल चिमटीचा द्यायचा, असं चाललं होतं. मास्तर मनात याला चोरी म्हणायचे.

आणि सोमवारी ही चोरी पकडली जाणार होती. अहमदाबादचे भूपेंद्रभाई, मिलचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक, सोमवारी येणार होते. मास्तरांचा खेळ त्यांनी पूर्वी दोनदा पाहिला होता, म्हणून या वेळी भाईदास शेठांना नवी कल्पना सुचली होती. "मास्टर, इस बार हाथ पीछे बांधके. सिर्फ जीभ. मजा आवशे." मास्तर हसले होते. शेठांपुढे हसण्यात त्यांचा सत्तावीस वर्षांचा हातखंडा होता. पण एकदा हात मागे बांधले की त्यांच्यात आणि फाटकावरच्या वॉचमनमध्ये फरक तो काय उरला?

रविवारी पहाटे सरलाबाईंनी दोघांच्या गळ्याला जाड मफलर गुंडाळले. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते, पण पतंगांचा मांजा अजून खांबाखांबाला लोंबत होता, आणि सुरतेत या दिवसांत दुचाकीवरचा माणूस थंडीपेक्षा मांजाला भितो. मास्तर भाचीच्या मागे बसले. सुरुवातीला त्यांनी सीटच्या मागची दांडी धरली, कारण मामाने भाचीच्या खांद्याला धरणं बरं दिसत नाही. कामरेजच्या अलीकडे एका ट्रकने कट मारला तेव्हा त्यांनी तिचे दोन्ही खांदे धरले आणि पुढे सोडले नाहीत. तिने गाडी अशी सरकवली की ट्रकवाल्याने खिडकीतून वाकून पाहिलं आणि "ओ बेन!" म्हणून हात जोडले.

कामरेजच्या पुढे, हायवे सोडून आत, खजुरीच्या झाडांखाली उखाचं खोपटं होतं. उखा मूळचा नवापूरकडचा. हिवाळाभर रात्री झाडाला मडकी बांधायची आणि उजाडायच्या आत उतरवून नीरो विकायचा. नीरो म्हणजे झाडातून ठिबकलेला ताजा रस. गोड, थंड आणि कायद्याला पूर्ण मंजूर. ऊन लागलं की तो आंबतो, त्याची ताडी होते, आणि सकाळी सातला पुण्यवान असलेला माणूस त्याच मडक्यापायी अकराला गुन्हेगार ठरतो. म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. चुन्यामुळे रस जरा दमाने आंबतो.

"नाशिकहून आल्या आहेत," मास्तर उखाला म्हणाले. "चाखायचं काम करतात."

"पगार मिळतो?" उखाने विचारलं.

"मिळतो," वर्षा म्हणाली.

"अने अमे फुकट चाखतो आयुष्यभर," उखा म्हणाला आणि त्याने तीन मडकी पुढे ठेवली.

वर्षाने आपल्या बॅगेतून पातळ काचेचा पेला काढला. पेला उजेडाकडे धरला, तिरका केला, गोल फिरवला, नाक आत घातलं. मग घोट घेतला, तोंडात घोळवला आणि बाजूला मातीत थुंकला.

उखाचा चेहरा पडला. "काय झालं? माशी होती?"

"नाही हो, छान आहे."

"छान आहे तर थुंकता कशाला?"

"अहो, आमच्याकडे दिवसाला चाळीस चाखतो. सगळ्या गिळल्या तर संध्याकाळी घरी कोण सोडणार?"

हे उखाला पटलं. आयुष्यात पहिल्यांदा दारूच्या धंद्यातलं काहीतरी त्याला पूर्ण पटलं होतं.

मास्तर बघत राहिले. त्यांच्या धंद्यात माणूस आपल्या कामाचं रहस्य राखतो. ही पोरगी सगळं बोलून दाखवत होती. "हा पहिला, यात भाजलेल्या शेंगदाण्याचा वास आहे. मागून जरा ओला नारळ. दुसऱ्यात नारळ नाही, पण गोडी जास्त. झाड म्हातारं आहे का हे?"

"माझ्या बापाच्या वेळचं," उखा म्हणाला. तो आता मांडी ठोकून तिच्यासमोर बसला होता.

"मामा, तुम्हाला काय लागतं?"

मास्तरांनी तयारी करून ठेवली होती. ती जे म्हणेल तेच थोडं फिरवून म्हणायचं. "शेंगदाणा तर आहेच," ते म्हणाले. "पण खारा नाही."

"वा!" वर्षा म्हणाली. मास्तरांना बरं वाटलं. तासभर असंच छान चाललं. ऊन कोवळं होतं. दूर शेतात पोंक, म्हणजे हुरडा, भाजायला लागले होते, कोवळ्या ज्वारीचा धूर येत असावा. मास्तरांना तो दिसला, एवढंच. मग उत्साहाच्या भरात त्यांनी एक चूक केली. उखा आत ओली फडकी आणायला गेला होता. बाहेर त्याच्या खाटेखाली एक मडकं वेगळं झाकून ठेवलेलं मास्तरांना दिसलं. उखाने खास माल मागे ठेवलाय, अशी त्यांची समजूत झाली. त्यांनी ते उचललं, स्टीलचा पेला काठोकाठ भरला, एका दमात रिकामा केला आणि मिशी पुसत म्हणाले, "हा बघ! आजचा सगळ्यात गोड हाच."

दारात उखा फडकी धरून थिजला होता. "मास्तर, ओ मास्तर! ए नीरो नथी!"

"मग काय आहे?"

"तो माझा आहे. परवाचा." उखाने हात जोडले. "कुणाला बोलू नका."

वर्षाने ते मडकं नुसतं हुंगलं आणि चेहरा तीन इंच मागे घेतला. एवढा आंबट वास की शेजारच्या झाडावरच्या माशाही आल्या होत्या. तिने मामाकडे पाहिलं. मामा झाडाकडे बघत होते.

उखा पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला तेव्हा ती हळूच म्हणाली, "कधीपासून, मामा?"

"काय कधीपासून?"

"मामा, माझा धंदाच हा आहे."

मास्तरांनी पेला पालथा घातला, सुलटा केला, पुन्हा पालथा घातला. मग सांगून टाकलं. ताप, एकोणीस महिने, चिमटी, शेठ, भूपेंद्रभाई, उद्याचे बांधलेले हात. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "चोरी आहे ग ही. जिभेच्या नावावर बोटांनी खाल्लं."

"बोटांनी नक्की कळतं?"

"मिलमध्ये कळतं."

"इथे दाखवा."

तिने त्यांना पाठ करून बसवलं. तिन्ही मडक्यांतला नीरो तीन पेल्यांत घेतला, पेले मागेपुढे केले आणि त्यांच्यासमोर आणून ठेवले. मास्तरांनी डोळे मिटले. पहिल्या पेल्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर दोन थेंब घेऊन चोळले. त्यांचा चेहरा बदलला. गॅलरीतला, शेठांपुढे हसणारा माणूस गेला आणि रंगखात्यातला मास्तर येऊन बसला.

"नवं मडकं. चुना कालच लावलाय. लावणाऱ्याचा हात सैल आहे."

"बायकोने लावला," उखा गिऱ्हाईक सोडून परत आला होता.

दुसरा पेला. "हा शिस्तीत. चुना आहे, पण उगाच नाही. धुऊन निघालेल्या मालासारखा."

तिसऱ्याला वेळ लागला. त्यांनी चोळलं, थांबले, पुन्हा नवे थेंब घेतले. "यातला चुना मेलाय. आत सुरू झालंय. अजून आंबट नाही, पण दहा वाजेपर्यंत हा पेला उखाचा."

वर्षाने तिन्ही पेले ओळीने चाखले. यावेळी थुंकली नाही. तिसऱ्याचे दोन घोट घेतले, मग आणखी एक. "मामा," ती म्हणाली, "हा तिसरा मला दुसऱ्या घोटाला लागला. पहिल्याला नाही. चाखायला बसले तेव्हाही मी याला चांगलाच म्हणाले होते."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही माझ्या आधी पोचलात. आणि तोंड न लावता. आमच्याकडे एक साहेब आहेत, चाखायच्या आधी बाटलीवरचं नाव वाचतात. त्याला चोरी म्हणतात. तुमची जीभ गेली आणि तुम्ही हातात नवीन आणली, तेही कुणी न शिकवता. मी तर सर्दी झाली तरी घाबरते." ती थांबली. "मला एवढं जमलं असतं ना, तर मी गावभर सांगत फिरले असते."

उखाने आपला हात त्यांच्यासमोर उघडा धरला, जणू ते भविष्यही सांगतील.

येताना त्यांनी हायवेच्या कडेला पोंक घेतला, शेव आणि लिंबू घालून. वर्षा चव सांगत गेली आणि मास्तर दाणे बोटांनी दाबून कुठला कोवळा, कुठला जून ते सांगत गेले. दोघांचं एकदाही चुकलं नाही. मास्तरांना एवढा मोकळा रविवार कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता.

घरी जेवताना वर्षाने घाईत मामांची वाटी ओढली, वरणाचा घोट घेतला आणि थांबली. "मामी, मीठ विसरलात."

"इसरनी नही," सरलाबाई म्हणाल्या. "त्यासना वाटीमा मी टाकतच नही. डॉक्टरनी ब्लडप्रेशर सांगेल शे. बाकी लोकेसना घरमा मीठवरथीन भांडणं व्हतस. आठे भांडणच नही."

मास्तरांचा घास हातात राहिला. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"पहिला दिवसथीन. तुम्ही कढी पिनात आनि बोलनात, बासुंदी झकास."

"मग कुणाला बोलली नाहीस?"

"कोनले बोलू? तुमनी जीभ मिलवालास्नी शे, मनी थोडीच शे. ती गयी हाई त्यासले कळनं तर?" त्यांनी भाकरी त्यांच्या ताटात टाकली. "मंग मी बी गप, तुम्ही बी गप. एकोणीस महिने गप संसार करना. सोपं शे का?"

वर्षा हसत सुटली. मास्तरही हसले, पण हसता हसता त्यांनी बायकोकडे असं पाहिलं की वर्षाने मुद्दाम मान खाली घालून लोणचं घेतलं.

सोमवारी वर्षाला उत्तरेकडे निघायचं होतं. ती दक्षिणेला पलसाण्याला निघाली. "एक दिवस उशीर," ती म्हणाली. "कच्छ कुठे जात नाही." मास्तरांनी तिच्या मागे बसताना या वेळी दांडी धरलीच नाही.

मिलच्या ऑफिसात चहा झाला. भूपेंद्रभाई सत्तरीचे, पांढऱ्या सफारीतले, फार न बोलणारे. स्टीलच्या ताटात ओल्या कापडाचे तीन तुकडे मांडले होते. भाईदास शेठांनी भाषण सुरू केलं. "भूपेंद्रभाई, मशीन तो सब के पास है. ये जीभ पूरे गुजरात में एक ही है." मास्तरांचे मदतनीस गोपालभाऊ, स्वतः पन्नाशीचे, संकोचत पुढे आले आणि अस्तराच्या हिरव्या पट्टीने मास्तरांचे हात मागे बांधू लागले. गाठ सैल मारली. एकोणीस महिने तेही शेजारीच उभे होते.

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. वर्षा तिथे हेल्मेट कडेवर घेऊन उभी होती, लग्नात नवरदेवाची करवली उभी राहावी तशी. तिने मान हलवली नाही, खूण केली नाही. ती नुसती बघत होती.

"शेठ, हात सोडा," मास्तर म्हणाले.

"अरे, अभी तो बांधा!"

"जीभ काम करत नाही, शेठ. तापात गेली. एकोणीस महिने झाले. तेव्हापासून मी हातानं बघतोय, जीभ नुसती लावतोय. हात बांधले तर मला काहीच सांगता येणार नाही."

ऑफिसात पंख्याचा आवाज येऊ लागला. तो आधीही येतच असणार. भाईदास शेठ लाल झाले, मग पार्टीसमोर आहोत हे आठवून पांढरे झाले. "मास्टर, मजाक..."

"मजाक नाही."

भूपेंद्रभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "उन्नीस महीने में मेरा कितना माल वापस आया, भाईदास?"

शेठांनी आठवायचा प्रयत्न केला. "एक लॉट. वो तो ट्रान्सपोर्टवाले ने भिगोया था."

"हाथ खोलो इनका."

गोपालभाऊंनी गाठ ओढली, ती आपोआप सुटली. मास्तरांनी ताट जवळ घेतलं. जीभ तोंडातच ठेवली, आणि एवढ्या वर्षांनी ती तिथे ठेवताना त्यांना हलकं वाटलं. पहिला तुकडा चोळला. "ठीक." दुसरा. "ॲसिड जास्त. हात ओढतोय. हा पाण्यातून काढा, नाहीतर दोन महिन्यांत फाटेल." तिसऱ्याला ते रेंगाळले. टोक सोडून मधला भाग घेतला, मग दुसरी कड. "यात कॉस्टिक आहे. मधलं गेलंय, काठाला बसलंय. दोन पाणी अजून."

"तीसरा तो आज जानेवाला माल है," शेठ घाईने म्हणाले. "पॅक हो गया. भूपेंद्रभाई का ही. कल सुबह गोपाल ने पास किया."

"काल सकाळी मी रजेवर होतो," मास्तर म्हणाले.

गोपालभाऊंनी तिन्ही तुकड्यांवर कागदाच्या पट्ट्या लावल्या. तिसऱ्याची पट्टी मध्यावर लावली तर बरी होती. काठाला लावली तेव्हा निळी पडली.

"मी मध्यावरच लावली होती," ते हळूच म्हणाले.

"आपण सगळे मध्यावरच लावतो," मास्तर म्हणाले. "काठाचं आता दाखवतो. हात धुऊन या."

भूपेंद्रभाई उठले. मास्तरांसमोर आले, त्यांनी त्यांचा उजवा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला. रंगाने अंगठ्याची कड कायमची जांभळी झाली होती. "दो पानी दे दो," ते शेठांना म्हणाले. "माल कल लूँगा. और आगे से मेरे हर लॉट पर इनका हाथ लगेगा. जीभ घर पे रखने दो इनको, इस उमर में अच्छा नहीं लगता." मग दाराकडे वळले. "आप कौन?"

"भाची," वर्षा म्हणाली. "मी चाखायचं काम करते."

"हमारे यहाँ?" भूपेंद्रभाईंनी भुवया उंचावल्या.

"नाही, तुमच्याकडे बंदी आहे," वर्षा म्हणाली. भूपेंद्रभाई सकाळपासून पहिल्यांदा हसले.

खाली गाड्यांवर चढवलेला माल पुन्हा उतरवायला लागले. मास्तर गोपालभाऊंना घेऊन टाकीकडे गेले, त्यांच्यामागे वर्षा. कॉस्टिकच्या वाफेत मास्तरांचा आवाज ऐकू येत होता, "दाबू नका, गोपालभाऊ. चोळा. कापडाला बोलू द्या."

वर ऑफिसात भाईदास शेठ एकटेच राहिले होते. त्यांनी दार लोटून घेतलं, तिसरा तुकडा उचलला आणि डोळे मिटून चोळू लागले. काही कळेना. त्यांनी हात बदलला, अंगठी काढून टेबलावर ठेवली आणि पुन्हा चोळायला घेतलं.